चौदा दिवसांचा वानप्रस्थ

॥ श्री ॥
हॉर्नबी, क्राइस्टचर्च
२६ जानेवारी २०२६

ती. दादास,
प्रमोदिनीचा सा. न. वि. वि.

पाकीट पाहून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोन केला असता, पण फोनवर तू माझं एकही वाक्य शेवटापर्यंत जाऊ देत नाहीस, आणि हा विषय पुरा ऐकण्यासारखा आहे. घरच्या ग्रुपवर टाकलं तर डोंबिवलीच्या वल्लरीचं मत माझ्या बातमीच्या आधी सगळ्यांना पोचेल. म्हणून हा जुना मार्ग.

तुझ्या मेहुण्यांनी बस घेतली आहे. नोव्हेंबरात कंपनीने धैर्यशीलला केक आणि कार्ड देऊन घरी बसवलं, हे तुला माहीत आहे. मला वाटलं, माणूस खचेल. माणूस खचला नाही, टिमारूला गेला आणि मोटरहोम घेऊन आला. लांबी सहा मीटर चाळीस. आत पलंग, शेगडी, फ्रिज, न्हाणी, आणि शेगडीपासून दीड हातावर शौचालय. आता म्हणतो, हॉर्नबीचं घर विकू आणि उरलेलं आयुष्य चाकांवर काढू. याला तो वानप्रस्थ म्हणतो. हा शब्द त्याला कोणी शिकवला याचा मी तपास करते आहे.

दादा, चेष्टा बाजूला ठेवते. या घरात सतरा वर्षं झाली. नील इथून शाळेत गेला. शनिवारचा माझा वर्ग इथल्या गॅरेजात भरतो. नऊ मुलं आहेत, संस्कृत श्लोक खणखणीत म्हणतात आणि अर्थ विचारला की इंग्रजीत सांगतात. बसमध्ये नऊ मुलं मावत नाहीत, नऊ चपलाही मावणार नाहीत. नीलला मेलबर्नला फोन करून विचारलं, तर म्हणाला, स्वीट अ‍ॅज आई, डू इट. ज्याला राहायचं नाही त्याची परवानगी नेहमीच उदार असते.

शेवटी करार झाला. सेंट्रल ओटागोत थाइम फ्लॅट नावाचं एक कोरडं राखीव रान आहे, न्यूझीलंडचं वाळवंटच म्हणे, दृश्य पाहायला लोक लांबून येतात. पाच तारखेला तिथे जायचं, चौदा दिवस राहायचं. शेवटच्या दिवशी मी हो म्हटलं तर घर एजंटाकडे. नाही म्हटलं तर बस विकायची, आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही.

माझी एकच अट होती. शेगडीशेजारी ते चालणार नाही. धैर्यशील म्हणाला, गाडीतून कापून तर काढता येत नाही. मी पाहिलं, तर आधीच्या मालकांनी विकण्यापूर्वी सगळं नवं बसवलेलं, वरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. जे एकदाही वापरलेलं नाही ते शौचालय कसं? ते झाकण असलेलं कपाट. मी तिथे कोठी केली आहे. तांदूळ, कणीक, पोहे, गोडा मसाला, लोणच्याची बरणी, सगळं बसलं. आमची दोघांची सोय रानातल्या सार्वजनिक संडासात होईल, नकाशात तो चारशे पावलांवर आहे.

उत्तर लगेच पाठव. थट्टा करायची असेल तर कर, पण नंतर माझ्या बाजूने दोन ओळी लिही.

लोभ आहे तेवढा पुरे, सध्या पाठिंबा हवा आहे.
तुझी,
प्रमोदिनी

———

॥ श्री ॥
सँडरिंगहॅम, ऑकलंड
३० जानेवारी २०२६

चि. प्रमोदिनीस,
शशिकांतचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा भाऊ म्हणून, एकदा करमणूक म्हणून.

प्रथम वानप्रस्थाचा निकाल लावू. शास्त्रकारांनी वनात जाणाऱ्याला वल्कलं सांगितली, रबरी चपला, म्हणजे जँडल्स, सांगितलेल्या नाहीत. कंदमुळं सांगितली, दोन कप्प्यांचा फ्रिज सांगितलेला नाही. अग्नी बरोबर न्यायला मुभा आहे, पण तो गॅस सिलिंडरमधून यावा असं कुठे वाचल्याचं आठवत नाही. राहता राहिलं वाळवंट. ज्या प्रदेशातून दर डिसेंबरात आमच्या इथल्या दुकानांत चेरीच्या पेट्या येतात त्याला वाळवंट म्हणायला बरंच धैर्य लागतं. ते तुझ्या नवऱ्याच्या नावातच आहे.

नीलच्या उत्तरावर काय बोलू? या देशाने ‘स्वीट अ‍ॅज’ म्हणून ठेवलं आहे, पण कशाइतकं गोड ते अजून कोणी सांगितलेलं नाही. अर्ध्या उपमेवर घर विकू नये.

आता कोठी. तुझा युक्तिवाद निर्दोष आहे आणि म्हणूनच मला त्याची भीती वाटते. लहानपणीही तू असंच सिद्ध केलं होतंस की उपवासाला भजी चालतात, कारण बेसन हे मुळात द्विदल आहे आणि द्विदलाचं आईने काही सांगितलेलं नाही. त्या दारामागे कोठी आहे असं मानणारी या देशात तू एकटी आहेस. बाकी पन्नास लाखांना तो संडासच दिसणार.

इथे सगळं यथास्थित. तुझी स्नेहलतावहिनी जाऊन मार्चमध्ये चार वर्षं होतील. शनिवार-रविवारी समोरच्या दुकानात मिठाई घ्यायला आलेले लोक माझ्या दारापुढे गाड्या लावतात आणि मी बाहेर आलो की मलाच विचारतात, काका, इथे लावली तर चालेल ना. मी हो म्हणतो. तेवढंच बोलणं होतं.

तर माझ्या दोन ओळी: घर तुझं आहे. तू नाही म्हण आणि ठाम राहा.

चेष्टेइतकीच माया आहे, तोलून पाहावी.
तुझा,
दादा

———

सँडरिंगहॅम
३० जानेवारी २०२६

श्री. धैर्यशीलराव यांस,
शशिकांतचा स. न. वि. वि.

हे पत्र वेगळ्या पाकिटात, ऑफिसच्या पाकिटासारखं दिसेल असं पाठवतो आहे. वाचून फाडा. प्रमोदिनीला मी आजच लिहिलं आहे की ठाम राहा. मोठा भाऊ याहून वेगळं काही लिहू शकत नाही. पण तुम्ही फोनवर विचारलंत, तिला कसं वळवायचं, म्हणून सांगतो. पंचावन्न वर्षांचा अनुभव आहे.

तिच्यापुढे कशाचीही स्तुती करू नका. डोंगर दाखवू नका, सूर्यास्ताला हाक मारू नका. जी गोष्ट दुसऱ्याने चांगली म्हटली ती तिला पटत नाही, आणि जी कोणीच चांगली म्हटली नाही तिची बाजू घ्यायला ती एकटी उभी राहते. सकाळचा चहा तुम्ही करा आणि त्याबद्दल बोलू नका. तिने तक्रार केली की खरं आहे म्हणा. तिला भांडायला समोर काही ठेवू नका. आठ दिवसांत ती स्वतःशी भांडेल आणि हरेल.

यात माझा काय लाभ, असं मनात आलं असेल. बस चाकांवर आहे तर ती उत्तरेकडेही वळू शकते, एवढंच. फेरीबोटीचा साडेतीन तासांचा प्रवास सोडला तर सगळा रस्ताच आहे. माझा ड्राइव्हवे सात मीटर दहा आहे. काल टेप लावून पाहिलं.

आपला,
शशिकांत
(पुन्हा लिहितो, फाडा.)

———

॥ श्री ॥
थाइम फ्लॅट, अलेक्झांड्राजवळ
८ फेब्रुवारी २०२६

ती. दादास,
प्रमोदिनीचा सा. न. वि. वि.

इथे फोनला रेंज नाही. धैर्यशील दर तीन-चार दिवसांनी पिण्याचं पाणी भरायला अलेक्झांड्राला जातो, तिथल्या एका डेअरीवाल्या बाईंनी आमची पत्रं ठेवून घ्यायचं कबूल केलं आहे. दूध, ब्रेड, पत्र, सगळं एकाच गल्ल्यावर.

वाळवंट कसं आहे म्हणशील, तर चेरीवाला तुझा मुद्दा मी मागे घ्यायला लावणार आहे. बागा सगळ्या नदीकाठी. इथे वर नुसते उघडे डोंगर, मध्येच उभे थर लावल्यासारखे काळे खडक, आणि जमिनीवर मैलभर रानटी थाइम. पाय पडला की ओव्यासारखा वास येतो. मी थोडा आमटीत घातला. वाईट लागला नाही.

शेजार मात्र तुझ्या लेखणीच्या लायकीचा आहे. डावीकडे इन्व्हरकार्गिलचं जोडपं. निसर्गात राहायला आले आहेत आणि दारापुढे प्लास्टिकची हिरवळ अंथरली आहे. रोज सकाळी ती झाडतात. पलीकडचे गृहस्थ दिवसभर छतावरची तबकडी फिरवून क्रिकेट पाहतात आणि संध्याकाळी सांगतात की शांतता फार छान आहे. प्रत्येकजण घर सोडून आला आहे आणि प्रत्येकाने ते बरोबर आणलं आहे. मला हसायला जागा नाही, माझ्याकडे पुरणयंत्र आहे.

काळजीचं वेगळंच. धैर्यशील गप्प आहे. इथे येईपर्यंत त्याने मला आकाशाचे फायदे ऐकवले होते. इथे आल्यापासून आकाशाचं नाव नाही. सकाळी उठते तर चहा तयार. मी म्हटलं, वारा फार आहे, तर म्हणाला, आहे खरा. मी म्हटलं, पलंग आखूड आहे, तर म्हणाला, आहे. अशा माणसाशी भांडण कसं करायचं? काल संध्याकाळी डोंगर जांभळे झाले, तेव्हा मलाच म्हणावं लागलं की हे बरे दिसतात. तो म्हणाला, असतील.

तिसऱ्या दिवशी त्याने न सांगता इथला पाण्याचा पंप उघडून दुरुस्त केला. तेवढा एक तास जुना धैर्यशील दिसला.

मी अजून नाहीवरच आहे. पण दादा, तुला म्हणून सांगते, तीन रात्री मी एकदाही न उठता झोपले. हे वाचून काही लिहू नकोस.

कोठी उत्तम चालली आहे. कागदाच्या गुंडाळीच्या दांडीवर चाळणी अडकवली आहे, अगदी मापाची.

माया असू दे, सल्ले कमी कर.
तुझी,
प्रमोदिनी

———

थाइम फ्लॅट
९ फेब्रुवारी २०२६

ती. दादांना,
धैर्यशीलचा स. न.

हे पत्र प्रमोदिनीच्या पत्राबरोबरच पेटीत टाकतो आहे. दोन्ही एका दिवशी मिळतील. आधी हे वाचा.

तुमचा उपाय लागू पडला आणि तेच संकट आहे. तिला इथे आवडायला लागलं आहे. परवा तिने डोंगरांची स्तुती केली. आज सकाळी प्लास्टिकच्या हिरवळीवर बसून शेजारणीला थालीपीठ शिकवत होती.

दादा, मला इथे राहवत नाही. मी सहा फूट, पलंग पाच फूट आठ. दिवसातून चार वेळा छताला डोकं आपटतं. पहाटे चारशे पावलं जायचं, चारशे यायचं, हातात कागद. वाटेत सगळे किआ ओरा म्हणून नमस्कार करतात आणि सगळ्यांना माहीत असतं मी कुठे चाललो आहे. दिवसभर करायला काही नाही. पंप होता तो दुरुस्त झाला. आता मी रोज त्याच्याकडे बघून येतो.

बेत माझाच आहे. तो मीच मोडला तर ती जन्मभर ऐकवेल, आणि ते ठीकच आहे, पण मग कारण विचारेल. कारण मला सांगायचं नाही. तेव्हा तुम्ही तिला काहीही लिहा, पण तिच्याकडून नाही वदवून घ्या. तिने नाही म्हटलं की मी थोडा नाराज दिसेन आणि आम्ही घरी जाऊ.

तुमचा ड्राइव्हवे वाया जाईल, त्याबद्दल वाईट वाटतं.

आपला,
धैर्यशील

———

॥ श्री ॥
सँडरिंगहॅम
१३ फेब्रुवारी २०२६

चि. प्रमोदिनीस अनेक आशीर्वाद.

घाईत लिहितो, जलद टपालाने पाठवतो, म्हणजे सोमवारपर्यंत पोचेल.

थाइमच्या वासाने माणसाला झोप येते हे वैद्यकात प्रसिद्ध आहे, त्याला समाधान समजू नये. जांभळे डोंगर सगळीकडे संध्याकाळी जांभळेच होतात, हॉर्नबीच्या गोदामांमागेही होत असतील, तू पाहिलं नसशील. तुला झोप लागली यात आनंद आहे, पण झोपेच्या भरात घर जाऊ नये. गॅरेजातल्या नऊ मुलांना आठव. एकोणीस तारखेला विचारलं की स्पष्ट, मोठ्याने, एकदाच नाही म्हण. धैर्यशीलराव नाराज दिसतील. त्याकडे लक्ष देऊ नकोस, फार वेळ दिसणार नाहीत.

यात माझा काडीचाही स्वार्थ नाही, हे या वेळी खरोखर खरं आहे.

तुझा हितचिंतक,
दादा

———

॥ श्री ॥
थाइम फ्लॅट
१८ फेब्रुवारी २०२६

ती. दादास,
प्रमोदिनीचा नमस्कार. साष्टांग या वेळी नाही, जागा आखूड आहे.

सोमवारी सकाळी धैर्यशील अलेक्झांड्राहून तुझं जलद पत्र घेऊन आला. मी ते वाचत होते, आणि हा या वेळी खरोखर खरं म्हणतो आहे म्हणजे मागच्या वेळी काय होतं, असा विचार करत होते, तेवढ्यात इथली वॉर्डन आली. ट्रिश नाव, साठीची बाई, गुडघ्यापर्यंत मोजे, अंगात भगभगीत हिरवं-पिवळं जॅकेट, हातात पाटी. इथे मुक्काम फक्त अशाच गाड्यांना, ज्या आपल्या पोटातलं आपल्याच पोटात ठेवतात. त्याचा दाखला लागतो आणि आतलं शौचालय वापरण्याजोगं लागतं. हे धैर्यशीलला माहीत होतं. मला सांगायचा त्याला धीर झाला नव्हता.

ट्रिशने दार उघडलं. तांदळाची पिशवी, डबे, लोणचं, चाळणी. तिने चाळणी काढून पाहिली, परत अडकवली. मग विचारलं, तुम्ही जाता कुठे? धैर्यशीलने लांब बोट दाखवलं. ती म्हणाली, कपाट हीप्स, म्हणजे खूपच, सुंदर लावलं आहे, पण उद्या दहाला मी परत येईन. तेव्हा इथे संडास दिसला पाहिजे, नाहीतर गाडी निघाली पाहिजे. जाता जाता दाखला पाहायला मागितला. धैर्यशील म्हणाला, पुढच्या कप्प्यात आहे, प्लास्टिकच्या फायलीत. मी आणायला गेले.

दादा, तू एका इंजिनिअरला फाडा असं लिहिलंस. त्या माणसाने आयुष्यात एकही कागद फाडलेला नाही. पहिल्या खिशात दाखला, दुसऱ्यात विम्याची पावती, तिसऱ्यात तुझं अक्षर. वर पेन्सिलने पोचल्याची तारीख.

ट्रिश गेल्यावर मी पायरीवर बसून तुझी दोन पत्रं मांडीवर शेजारी शेजारी ठेवली. एकात मला कसं वळवायचं, एकात मी कसं वळायचं नाही. हात एक, शाई एक, माया दोन्हींत सारखी. नाटकात दोन पात्रं एकच नट करतो तेव्हा निदान टोपी बदलतो.

मला सोपं होतं. गप्प बसले असते तर मंगळवारी दहाला गाडी निघाली असती, चौदा दिवस पुरे झाले नसते, करार मोडला असता आणि घर राहिलं असतं. पण इतक्या लोकांनी माझ्यासाठी ठरवून ठेवलेलं असताना आपोआप जिंकणं मला बरं वाटेना. खरं काय ते बाहेर काढायला मी धैर्यशीलला म्हटलं, माझा निर्णय झाला. हो. घर विकून टाकू.

त्याचा चेहरा असा पडला की मला तुझा रागच विसरायला झाला. तो खाली बसला. मग बोलला. म्हणाला, मला बस नको होती, मला ती गल्ली नको होती. हॉर्नबीत सकाळी आठला आमच्या गल्लीतला प्रत्येकजण डबा घेऊन कामावर निघतो, आणि जाताना हात करतो. नोव्हेंबरापासून तो आठ ते सव्वाआठ पडद्यामागे उभा राहतो. रोज. मी तेव्हा चहा करत असते. मला वाटायचं, पेपर वाचतो आहे. घर विकलं की गल्ली जाईल, एवढाच तो बेत. वानप्रस्थ हा शब्द वरून लावला होता. तो फोनवर तू पुरवला होतास, हेही त्याने सांगून टाकलं.

मी रागावले नाही. रागावायला आधी मला माझीच लाज वाटायला हवी होती. तीन महिने सहा हातांवरचा माणूस मला दिसला नाही, आणि तुला मात्र मी लिहिते, तो खचला नाही.

मग आम्ही दोघांनी कोठी रिकामी केली. डबे पलंगाखाली गेले. प्लास्टिक मी स्वतः काढलं. मंगळवारी ट्रिशने दाबून पाहिलं, पाणी खळखळलं, पाटीवर खूण झाली. जाताना तिने धैर्यशीलला विचारलं, पंप तूच केलास ना? तिचा इथला मदतनीस कंबरेचं दुखणं घेऊन गेला आहे. एप्रिलअखेरपर्यंत कोणी हवं आहे; पगार नाही, मुक्काम फुकट, काम पंप, पाट्या आणि येणाऱ्या गाड्या तपासणं. धैर्यशीलने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, पलंग तिरपा लाव, पाय फ्रिजकडे कर.

आज सकाळी आठला तो ते हिरवं-पिवळं जॅकेट घालून बाहेर पडला. सगळ्यांना हात करत गेला. दुपारी एका जर्मन जोडप्याची गाडी त्याने परत पाठवली, कारण शौचालयात सर्फबोर्ड होते. मला येऊन गंभीरपणे सांगत होता की लोकांना नियमांचं काही वाटत नाही. मी ऐकून घेतलं.

माझं उत्तर मी त्याला उद्याची वाट न पाहता सांगितलं. घर विकायचं नाही. एप्रिलनंतर बसचं काय करायचं ते एप्रिलनंतर. मी उद्या दुपारच्या कोचने अलेक्झांड्राहून निघते. शनिवारी वर्ग आहे. मे महिन्यात तो घरी येईल तेव्हा आठला काय करायचं, ते आम्ही आता उघडपणे बोलतो आहोत. अजून सुचलेलं नाही. पडदा मात्र मी काढणार आहे.

आता तू. तुला बहीण जवळ हवी होती, तर ‘ये’ एवढंच लिहायचं. त्यासाठी एक घर, एक लग्न आणि सगळं शास्त्र पणाला लावलंस. टेप घेऊन ड्राइव्हवे मोजणाऱ्याला विमानाचं तिकीट काढता येऊ नये? दीड तासाचा प्रवास आहे. मार्चमध्ये वहिनींचं वर्षश्राद्ध आहे. ते तू त्या मिठाईच्या वासात एकट्याने करू नयेस असं मला वाटतं. नीलची खोली झाडून ठेवते. महिनाभर राहा, वाटलं तर जास्त. मी विनंती करत नाही, कळवते आहे.

आणि यापुढे माझ्या घराबद्दल कोणालाही काही लिहायचं झालं तर मूळ प्रत मला पाठवायची. नक्कल धैर्यशीलला. तो फाईल करून ठेवेल.

लोभ दोन्हीकडे वाटून टाकलास, उरलेला मला दे.
तुझी धाकटी,
प्रमोदिनी